प्रोफेसर रघुनाथ धोंडो कर्वे : एका राजीनाम्याची हकीकत

ज्या गृहस्थांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहे, ते ख्रिस्ती नव्हते. इतकेच नव्हे, तर कोणत्याच धर्मावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट त्यांनी कधी झाकून ठेवली नाही. अशा मनुष्याचे चरित्र या पत्रात कशासाठी, असे कित्येक बंधू विचारतील. कारण एवढेच की, त्यांची नोकरी गेली ती आपल्याच लोकांच्या, म्हणजे मिशनच्या, कॉलेजातून गेली. आणि ती त्यांच्या शिकविण्यात काही उणे निघाले म्हणून नव्हे, तर त्यांच्या मतांमुळे गेली.

हा विषय मनात येण्यास निमित्त असे घडले. गेल्या पावसाळ्यात वेल्ह्याच्या बाजूला एका वस्तीत प्रार्थना आटोपल्यावर मंडळी पाऊस उघडण्याची वाट पाहत बसली होती. पुण्यास कॉलेजात शिकणारा एक तरुण तेथे होता. त्याने सुवार्तिकास विचारले की, मनुष्य व इतर प्राणी एकाच मुळापासून पायरीपायरीने होत आले असे जे उत्क्रांतीचे शास्त्र सांगते, त्याविषयी शंका घेणाऱ्या विद्वानांस परदेशी विद्यापीठांतून काढून टाकतात असे ऐकतो, ते खरे काय? सुवार्तिकाने माझ्याकडे पाहिले. मी त्या वेळी जे उत्तर दिले, त्याने माझेच समाधान झाले नाही. घरी परत येताना नसरापूरपर्यंत साऱ्या वाटेने मला प्रोफेसर कर्वे यांची आठवण होत होती.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळ मुरूड या गावी झाला. वडील धोंडो केशव कर्वे, ज्यांस पुढे सर्व महाराष्ट्र अण्णासाहेब म्हणू लागला, ते गणिताचे शिक्षक होते. आई राधाबाई ही १८९१ साली वारली, तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. त्याच साली वडील पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यास गेले, आणि दोन वर्षांनी, म्हणजे मार्च १८९३ मध्ये, त्यांनी गोदूबाई नावाच्या विधवेशी विवाह केला. या बाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत. ज्या रमाबाईंचे नाव आपल्या मंडळ्यांतील प्रत्येक घरात आदराने घेतले जाते, त्यांच्या हाताखाली अक्षरओळख झालेली ही बाई रघुनाथरावांची दुसरी आई झाली, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

विवाहानंतर नवराबायको मुरूडला गेली, तेव्हा ग्रामस्थांनी सभा भरवून त्यांस वाळीत टाकले. कोणी त्यांच्या पंक्तीस बसू नये, कोणी त्यांस घरात घेऊ नये, असे ठरले. जन्मदात्या आईसही मुलाजवळ उघडपणे बसणे कठीण झाले. वाळीत पडणे म्हणजे काय, हे भोर व वेल्ह्याच्या खोऱ्यातील आपल्या वडीलधाऱ्यांस समजावून सांगावे लागत नाही. पाणवठा बंद होणे, बलुत्यातला वाटा तुटणे, मयतास खांदा न मिळणे, या गोष्टी कित्येक घरांत आजही आजोबांच्या तोंडून ऐकू येतात. अकरा वर्षांच्या रघुनाथाने हे सर्व पाहिले. मतासाठी मनुष्याला किंमत द्यावी लागते हा धडा त्यास पुस्तकातून शिकावा लागला नाही.

मुलगा बुद्धीने विलक्षण निघाला. १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला. योगायोग असा की, त्यांच्याच नात्यातले, दापोली तालुक्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे त्याच साली केंब्रिज येथे गणितात सीनियर रँग्लर झाले. ज्या विद्यापीठात परांजपे यांस हा मान मिळाला, तेथे साठ वर्षांपूर्वी सिल्व्हेस्टर नावाचा मोठा गणिती परीक्षेत दुसरा येऊनही पदवीवाचून राहिला होता, कारण तो यहूदी असल्याने इंग्लंडच्या चर्चच्या मतपत्रावर सही करू शकत नव्हता. धर्ममताची ही अट पार्लमेंटने १८७१ साली कायदा करून उठविली. गणिताच्या उत्तरात धर्माने फरक पडत नाही, हे समजण्यास एवढ्या विद्वान लोकांनाही फार वर्षे लागली.

रघुनाथरावांनी फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतली, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकविले, आणि पुढे गणिताच्याच अधिक अभ्यासासाठी ते पॅरिस येथे गेले. १९११ साली त्यांचा विवाह झाला होता. पत्नीचे नाव गंगूबाई, ते त्यांनी मालती असे ठेविले. फ्रान्सात फ्रेंच भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली, आणि गणितापेक्षा दुसराच एक विषय मनात घेऊन ते परत आले. तो विषय म्हणजे संततिनियमन.

या विषयावर उघड बोलणे आजही आपल्या खेड्यांत अवघड वाटते, मग शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट काय सांगावी! परंतु प्रश्न कोठून उत्पन्न झाला हे पाहिल्यावाचून मनुष्य समजणार नाही. वर्षाआड बाळंतपण, प्रत्येक बाळंतपणात आईच्या जिवावरची वेळ, आणि झालेल्या मुलांपैकी कित्येकांस पाचवे वर्षही न दिसणे, ही त्या काळची सर्वसाधारण स्थिती होती. दैव म्हणून लोक ते सोशीत. कर्वे यांचे म्हणणे असे की, यात दैव काही नाही; मूल केव्हा व्हावे हे ठरविणे मनुष्याच्या हाती आहे, आणि ठरविण्याचा पहिला अधिकार स्त्रीचा आहे, कारण वेदना तिला सोसाव्या लागतात. १९२१ साली लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी संततिनियमनाचे पहिले केंद्र उघडले. त्याच साली मुंबईत कर्वे यांनी आपले केंद्र सुरू केले. १९२३ साली त्यांनी या विषयावर मराठीत पुस्तक प्रसिद्ध केले. आपणांस मूल होऊ न देण्याचा निश्चय पतिपत्नींनी स्वतः केला होता आणि तो शेवटपर्यंत पाळला. म्हणजे लोकांस सांगावयाचे एक आणि घरी करावयाचे दुसरे, असा प्रकार नव्हता.

या वेळी ते विल्सन कॉलेजात गणिताचे प्रोफेसर होते. डॉक्टर जॉन विल्सन या स्कॉच मिशनऱ्यांनी १८३२ साली ज्या शाळेचा पाया घातला, तिचेच हे कॉलेज. गिरगावच्या चौपाटीसमोर त्याची इमारत उभी आहे. आपल्यातील कित्येक पाळक व शिक्षक तेथे शिकले, आणि त्या संस्थेचे आपणांवर ऋण आहे, हे प्रथमच सांगून ठेवतो. कॉलेजचे चालक कर्वे यांच्या वर्गावर नाखूश नव्हते; त्यांचे गणित पक्के होते. नाखुशी होती ती वर्गाबाहेरच्या कामावर. संततिनियमनाचा उघड प्रचार आणि मिशनच्या कॉलेजातील प्रोफेसरकी ही दोन्ही एकत्र चालणार नाहीत, असे ठरले. प्रचार सोडावा, नाही तर जागा सोडावी, असा पेच पडला, आणि १९२५ साली कर्वे यांनी राजीनामा दिला. त्या वेळी त्यांचे वय त्रेचाळीस वर्षांचे होते. पुन्हा प्रोफेसरची जागा त्यांनी भूषविली नाही.

येथे थोडे थांबणे जरूर आहे. कॉलेजच्या चालकांची बाजू मला समजते. मुलामुलींस त्यांच्या हवाली करणारे आईबाप काय म्हणतील, विलायतेत पेटीत पैसे टाकणाऱ्या मंडळ्या काय म्हणतील, ही भीती अगदी खोटी नव्हती. त्या काळी जवळजवळ सर्व चर्चे या गोष्टीस पाप मानीत होती. आणि ज्या संस्थेचा पाया एका श्रद्धेवर आहे, तिने आपल्या नावाला जपावे, यात अन्याय दिसत नाही. हे सर्व खरे. तथापि दुसरीही एक गोष्ट खरी आहे. १८३९ साली याच डॉक्टर विल्सनांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी या पारशी तरुणाने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यास परत मिळविण्यासाठी नातेवाइकांनी कोर्टात धाव घेतली. आपले मन ठरविण्याचा हक्क त्या तरुणाचा आहे, हीच विल्सनसाहेबांची बाजू होती, आणि कोर्टाने तरुणास मोकळीक दिली. आईबापांनी मुले काढून घेतली, शाळा जवळजवळ ओस पडली, पण विल्सनसाहेब ढळले नाहीत. शाळा ओस पडण्याची भीती १८३९ साली ज्यांस वाटली नाही, त्यांच्याच वारसांस ती १९२५ साली वाटली, याचे मला वाईट वाटते. धनजीभाई आपल्या बाजूस आला आणि कर्वे दुसऱ्या बाजूस गेले, एवढाच दोहोंत भेद असेल, तर तो भेद सदसद्विवेकाचा म्हणता येत नाही.

पाच वर्षांनी, १९३० साली, लँबेथ येथे भरलेल्या अँग्लिकन बिशपांच्या परिषदेने काही मर्यादा घालून विवाहित जोडप्यांस संततिनियमनाची मोकळीक दिली. पुढे आपल्या देशातील मिशन दवाखान्यांनीही हे काम हाती घेतले. परंतु तेवढ्याने गेलेली जागा परत आली नाही.

याच १९२५ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेतील टेनेसी संस्थानात डेटन या लहानशा गावी एक खटला चालला. जॉन स्कोप्स नावाच्या शिक्षकाने शाळेत उत्क्रांती शिकविली असा आरोप होता, कारण त्या संस्थानाने ती शिकविण्यास बंदी करणारा कायदा त्याच साली केला होता. त्यास शंभर डॉलर दंड झाला. दोन वर्षांनी वरच्या कोर्टाने, दंडाची रक्कम ज्यूरीने ठरवावयास हवी होती ती न्यायाधीशाने ठरविली, या कारणावरून शिक्षा रद्द केली. तो कायदा स्वतः मात्र १९६७ सालापर्यंत पुस्तकात राहिला. म्हणजे उत्क्रांतीच्या बाबतीत आरंभी जाच झाला तो ती मानणाऱ्यांस झाला, आणि बहुतकरून आपल्या धर्मबंधूंच्या हातून झाला, हे आपण विसरता कामा नये.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. अलीकडच्या काळात तक्रार उलट बाजूने येते. जीवशास्त्र जाणणाऱ्यांत उत्क्रांतीविषयी आज मतभेद उरलेला नाही असे म्हटले तरी चालेल. मतभेद आहे तो ती कशी घडली याच्या तपशिलाविषयी. तिच्याविषयी शंका घेणारे, किंवा सृष्टीच्या रचनेत योजकाचा हात शास्त्राने दाखविता येतो असे म्हणणारे, काही अध्यापक अमेरिकेत आहेत, आणि आपल्या मतांमुळे आपली बढती अडविली जाते असे ते म्हणतात. आयोवा येथील सरकारी विद्यापीठात ग्विलेर्मो गोन्झालेझ नावाचे ज्योतिषशास्त्राचे अध्यापक होते. पृथ्वीची रचना हेतुपूर्वक झाली आहे असे प्रतिपादणारे पुस्तक त्यांनी २००४ साली दुसऱ्या एका लेखकाबरोबर प्रसिद्ध केले. पुढल्या साली तेथील शंभराहून अधिक अध्यापकांनी, कोणाचेही नाव न घेता, असल्या प्रतिपादनास शास्त्र म्हणू नये असे पत्रक काढले. २००७ साली त्यांस कायमची जागा नाकारण्यात आली. त्यांचे मित्र म्हणतात, हे पुस्तकाचे प्रायश्चित्त होय. विद्यापीठाचे अध्यक्ष म्हणाले की, तेथे येऊन केलेले संशोधन, मिळविलेले अनुदान, हाताखाली तयार झालेले विद्यार्थी, हे सर्व मोजून निर्णय केला. अपील झाले, तेही फेटाळले गेले.

या दोन प्रकारांत मला मोठा फरक दिसतो, आणि तो फरक त्या संध्याकाळी मला सांगता आला नाही. कर्वे यांचे काम गणित शिकविणे हे होते, आणि ज्या मतासाठी ते गेले त्याचा गणिताशी काडीचाही संबंध नव्हता. सुताराने नांगर चांगला केला, पण तो चावडीवर भलते बोलतो म्हणून त्याचे बलुते बंद केले, तसा तो प्रकार झाला. परंतु जो शास्त्र शिकविण्यास बसला आहे, त्याने त्याच शास्त्रातील आपले मत पुराव्याने सिद्ध केले पाहिजे, आणि ते तपासण्याचा अधिकार त्या शास्त्रातील इतरांस आहे. नांगर वाकडा निघाला, तर वाकडा म्हटल्याबद्दल गावावर जुलमाचा आरोप करता येत नाही. नांगर खरोखर वाकडा होता, की चावडीवरचे बोलणे आठवून तो वाकडा ठरविला, हा निराळा प्रश्न. तो प्रत्येक खटल्यात निरनिराळा पाहिला पाहिजे. गोन्झालेझ यांच्या सहकाऱ्यांनी मते देताना मनात पुस्तक आणलेच नसेल, असे मी म्हणत नाही. माणसे ती माणसेच. पण केवळ आपला मनुष्य आहे म्हणून त्याची तक्रार खरी, आणि कर्वे नास्तिक म्हणून त्यांची खोटी, असे म्हणावयास मी तयार नाही.

आपल्याकडे तर या मताने कोणाची भाकरी गेल्याचे दिसत नाही. जानेवारी २०१८ मध्ये त्या वेळच्या औरंगाबाद येथे केंद्र सरकारातील राज्यमंत्री सत्यपाल सिंह, जे पूर्वी मुंबईचे पोलिस कमिशनर होते, त्यांनी डार्विनचे मत चुकीचे असून ते शाळांतून काढावे असे सांगितले. देशातील तीन विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून विरोध केला, आणि वरच्या मंत्र्यांनी, म्हणजे पुण्याच्या प्रकाश जावडेकर यांनी, त्यांस असे बोलू नये म्हणून समज दिली. मंत्रिपद मात्र राहिले.

मी ज्या धर्मशिक्षणशाळेत शिकलो, तेथे माझ्या वर्गातील एका सोबत्याने उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील दिवस किती तासांचे, असे एकदा विचारले. शिक्षकांनी उत्तर दिले नाही. वर्षअखेर त्याच्या शिफारसपत्रात श्रद्धेविषयी दोन ओळी कमी पडल्या, आणि त्यास मंडळी मिळाली ती इतरांच्या तीन वर्षे मागाहून. तो आज चांगला पाळक आहे. पण वर्गात पुन्हा कोणी प्रश्न विचारला नाही, मीही नाही. ज्यांचा पगार मिशनच्या हातून येतो त्या सुवार्तिकांस हे अधिक सांगावयास नको.

कर्वे यांची पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. जागा गेल्यावर त्यांनी १५ जुलै १९२७ रोजी समाजस्वास्थ्य नावाचे मासिक काढले. लिहिणे, तपासणे, टपालात टाकणे, सारे बहुधा त्यांचेच. मासिकाच्या मुखपृष्ठावर उघड्या स्त्रीदेहाचे चित्र असे, आणि धर्मावर त्यांची लेखणी फार तिखट चाले. देवभक्तीची ते थट्टा करीत, आणि त्या थट्टेत पुष्कळदा भोळ्या माणसाचे दुःख त्यांस दिसत नसे. हे मला आवडत नाही व आपणांसही आवडणार नाही. तरी आपल्या शरीराविषयी, रोगांविषयी, भीतीविषयी ज्यांस कोठे विचारता येत नसे, असे स्त्रीपुरुष त्यांस पत्रे लिहीत आणि ते उत्तरे देत. १९३१ साली एका लेखाबद्दल अश्लीलतेचा खटला होऊन त्यांस शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली वाचकांच्या प्रश्नांस दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला झाला. त्या वेळी त्यांचे वकीलपत्र डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. लोक ज्या विषयावर प्रश्न विचारतात त्या विषयावर उत्तर देणे हा गुन्हा होत नाही, आणि ज्ञान दडपल्याने विकृती जात नाही, अशा धर्तीवर बाबासाहेबांनी बाजू मांडली. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. स्वतः पाणवठ्यासाठी लढलेल्या मनुष्यास दुसऱ्याचे वाळीत पडणे चटकन ओळखू आले असावे, असे मला वाटते.

मालतीबाईंनी अखेरपर्यंत साथ दिली आणि त्या पतीच्या आधी गेल्या. रँग्लर परांजपे यांच्या कन्या शकुंतलाबाई यांनी हे काम पुढे चालविले. त्यांस १९६४ साली राज्यसभेत नेमण्यात आले. १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सरकारी म्हणून हाती घेतला. असे करणारा हा जगातील पहिला देश. ज्या कामासाठी जागा सोडावी लागली, ते सरकारचे काम झालेले कर्वे यांनी डोळ्यांनी पाहिले.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी मुंबईत रघुनाथरावांचे देहावसान झाले. त्या वेळी वडील अण्णासाहेब पंचाण्णव वर्षांचे होते. १९५८ साली त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली, आणि १९६२ साली, एकशेचार वर्षांचे होऊन, ते वारले. समाजस्वास्थ्याचा नोव्हेंबर १९५३ चा अंक कर्वे यांच्या मागे बाहेर पडला. तो शेवटचा.